पाय काढला, तरी रेस जाईना!

सिग्नल लाल झालाय, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाय, तरी इंजिन आपलं घूं घूं करतंच आहे. जुनी व्हॅन चालवणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा असेल. ‘वय झालंय यार तिचं, चालायचंच!’ म्हणत आपण एफएमचा आवाज वाढवतो. पण मंडळी, एसी बंद पडला तर फक्त घाम येतो. रेस अडकली तर समोरच्या बाइकवाल्याच्या जिवाशी गाठ असते. हा विषय पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलायचा नाही.

जुनी व्हॅन म्हणजे आपल्याकडे ओम्नीच. १९८४ मध्ये आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण ट्रेकवाल्यांपासून केटरिंगवाल्यांपर्यंत अनेकांकडे ती अजून पळतेय. आमच्या ग्रुपकडेही एक आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिची रेस अडकायला लागली. ‘कार्ब्युरेटर उघडावा लागेल,’ असं गॅरेजमध्ये ऐकलं. मी म्हटलं, थांबा, आधी केबल बघू.

फंडा सिंपल आहे. पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये आवरणातून जाणारी एक पोलादी तार असते. मेकॅनिक तिला नुसतं ‘वायर’ म्हणतो. पेडल दाबलं की तार ओढली जाते, कार्ब्युरेटरवरचा लिव्हर फिरतो आणि रेस वाढते. पाय काढला की एक छोटीशी स्प्रिंग सगळं मागे आणते. आवरणात धूळ, ओल, गंज शिरला की या बिचाऱ्या स्प्रिंगची ताकद कमी पडते. यात गाडीचा काय दोष? इतकी वर्षं घासली की तार झिजणारच.

तपासणी घरच्या घरी होते. इंजिन थंड, हँडब्रेक ओढलेला, किल्ली खिशात. आधी पायाखालचं मॅट पेडलला लागतंय का बघा. हसू नका! २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना याच कारणासाठी मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं.

मग पुढची सीट उचला. ओम्नीचं इंजिन तिथेच दडलेलं असतं. केबलचं टोक लिव्हरवरून सोडवा आणि लिव्हर बोटाने फिरवून सोडा. खटकन मागे आला तर कार्ब्युरेटरची बाजू ठीक. रेंगाळला, तर मळ किंवा थकलेली स्प्रिंग. आता केबल हाताने मागेपुढे ओढा. खरखरली तर चोर सापडला! आमची खरखरत होतीच, शिवाय टोकाला दोन बारीक तारा सुटल्या होत्या. अशा वेळी तेल-बिल विसरा, केबल बदला. तेलाने चार दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते आणि ये रे माझ्या मागल्या.

नवी केबल त्याच मॉडेलची, जुन्याच वाटेने टाका. मध्ये कुठे मुरड नको आणि गरम सायलेन्सरच्या पाइपला टेकायला नको. किंचित ढील ठेवा. मित्राला पेडल पूर्ण दाबून सोडायला सांगा. लिव्हर पूर्ण उघडतोय आणि झटक्यात पूर्ण मिटतोय ना? मगच न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा. एवढा उद्योग नको असेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण या तपासण्या समोर उभं राहून बघा.

आणि चालत्या गाडीत रेस अडकलीच तर? क्लच दाबा, न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. गाडी बाजूला थांबल्यावर किल्ली बंद करा. चालत्या गाडीची किल्ली पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

तुमच्याकडे नवी कोरी कार असेल तर हा लेख मित्राला द्या. आजच्या बहुतेक गाड्यांत केबल नसतेच, सेन्सर असतो. पण ग्रुपमध्ये कुणाची जुनी व्हॅन असेल, तर या रविवारी तिची सीट उचलाच. चौघांच्या मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा केबल स्वस्त पडते!