गावच्या बोटीचे चाक जाम झाले तर



गोदाकाठच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. गावाला पुराच्या कामी येणारी एक मोटारबोट आहे. गेला पावसाळा सरल्यावर ती शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, ती आजवर तिथेच. परवा झाडलोट करताना कुणीतरी चाक फिरवून पाहिले, तर ते जागचे हलेना. दोन गड्यांनी जोर लावला तेव्हा कुठे बोटभर सरकले. ताईंचे दीर म्हणतात, चार घाव घालू म्हणजे सुटेल. सासरे म्हणतात, पाऊस लागल्यावर बघू. ताई विचारतात, कुणाचे ऐकावे?

ताई, दोघांचेही ऐकू नका. घावाने काम बिघडेल, आणि पाऊस लागल्यावर वेळ उरणार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सोडलेले पाणी पैठण शहरात शिरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आले, तेव्हा बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत माणसे बोटीतून बाहेर काढावी लागली. अशा दिवशी नटाचा पाना शोधत बसायला सवड नसते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या बोटीला होडीसारखे वेगळे सुकाणू नसते. मागच्या फळीला टांगलेली मोटारच डावी-उजवीकडे वळते आणि तिच्याबरोबर पाण्यातला पंखा वळतो. बोटीला ब्रेकही नसतो. वळता आले नाही आणि वाहत्या पाण्यात ती एखाद्या झाडाला किंवा पुलाच्या खांबाला आडवी लागली, तर उलटायला वेळ लागत नाही. म्हणून चाक जड लागणे ही किरकोळ तक्रार समजू नका.

जाम होण्याचे कारण बहुधा एकच, बसून राहणे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल. बरेच महिने गेले की तेल निथळून जाते आणि मागे नुसता घट्ट राप उरतो. त्यात पुराचा बारीक गाळ बसतो आणि लोखंडाला गंज चढतो. कोकणात त्यात मिठाची भर पडते. बैलगाडीच्या आसाला वेळेवर वंगण घातले नाही तर काय होते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. इथेही तेच होते.

आता कामाला लागू. मोटार बंद असल्याची खात्री करा. बॅटरीची तार काढा. इंजिन तत्काळ बंद करणारी लाल दोरी असते, तीही काढून ठेवा. पेट्रोलची टाकी लांब सावलीत नेऊन ठेवा. जवळपास बिडी, दिवा, स्टोव्ह काही नको.

पहिले काम, दुखणे कुठे आहे ते शोधणे. चाकापासून एक जाड केबल निघते. तिच्या टोकाला गुळगुळीत पोलादी दांडी असते. ही दांडी मोटारीच्या पुढच्या आडव्या नळीतून आरपार जाते आणि पलीकडे एका जोडदांडीने मोटारीला बांधलेली असते. या जोडदांडीचा नट सोडा आणि ती अलग करा. मग मोटार हाताने डावी-उजवीकडे वळवून पाहा, आणि नंतर चाक फिरवून पाहा. मोटार सहज वळली आणि चाक अडले, तर दोष दांडीत, केबलीत किंवा चाकाच्या पेटीत आहे. चाक सहज फिरले आणि मोटार अडली, तर दोष मोटारीच्या उभ्या खुंट्यात आहे. एवढी पाच मिनिटांची परीक्षा केली नाही, तर नको ते खोलत बसाल.

दोष चाकाकडे असेल तर आधी आडव्या नळीचा संशय घ्या. बहुतेक वेळा दांडी तिथेच धरलेली असते. केबल नळीला ज्या मोठ्या नटाने आवळलेली असते तो सोडा आणि दांडी नळीतून ओढून काढा. निघत नसेल तर दोन्ही तोंडांतून गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी नळीवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळा, पुन्हा तेल द्या आणि दांडी थोडी पुढे, थोडी मागे करत राहा. दोन-तीन दिवस लागले तरी चालतील. ठोकायचेच झाले तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोका.

घाव का नको, ते मी माझ्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी उस्मानपुऱ्यात माझ्या कामाच्या टेबलावर अशीच एक मोटार आली होती. मला घाई होती. दांडीच्या तोंडावर मी सरळ हातोडा घातला. तिचे तोंड फुलले आणि ती ना पुढे जाईना, ना मागे येईना. शेवटी कापून काढावी लागली आणि नळीही गेली. तासाभराचे काम आठवड्यावर गेले आणि खर्च मी सोसला.

दांडी निघाली की डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. नळीच्या आत बाटली धुण्याच्या ब्रशने किंवा बारीक सळईला चिंधी गुंडाळून साफ करा. जुन्या ग्रीसचा कणही राहू देऊ नका, कारण दोन जातींची ग्रीसे एकत्र आली की कधी घट्ट होतात, कधी पातळ होऊन गळतात. मग बोटीच्या इंजिनासाठी मिळणारे, पाण्याने न धुपणारे ग्रीस दांडीला लावून ती परत बसवा. नळीला ग्रीस भरण्याचे निपल असेल तर दांडी पूर्ण आत घेऊन मगच ग्रीसगन लावा. दांडी बाहेर असताना भरले तर ग्रीस आत कोंडते आणि चाक पुन्हा अडते.

दांडी नळीबाहेर काढूनही चाक जडच राहिले, तर केबल चाकाच्या पेटीतून सोडवा आणि नुसते चाक फिरवा. चाक हलके झाले तर केबल आतून गंजली आहे. अशा केबलीत तेल ओतून चार दिवस बरे वाटते, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. त्याच लांबीची नवी घ्या. लांबी बहुधा केबलीच्या आवरणावर छापलेली असते. ती बसवताना कुठे तीव्र मुरड पडू देऊ नका. पेटीच जड असेल तर ती मिस्त्रीकडे द्या. तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग असेल तर तेही घरी खोलू नका.

आता दोष मोटारीकडे असेल तर. काही बोटींना चाक नसते, मोटारीचाच दांडा हातात धरून वळवतात. त्यांचेही दुखणे इथलेच. मात्र त्या मोटारीला दांडा सैल-घट्ट करण्याचा एक स्क्रू असतो. आधी तो पाहा. कुणीतरी तोच आवळून ठेवलेला असतो आणि आपण गंजाला दोष देतो. तो अगदी सैलही करू नका, नाहीतर हात सुटताच मोटार भलतीकडे वळेल.

जात्याची वरची तळी जशी खुंट्याभोवती फिरते, तशी मोटार उभ्या खुंट्याभोवती फिरते. तिथे ग्रीसची निपले असतात. ग्रीसगन लावूनही ग्रीस आत जात नसेल तर निपल काढा, भोकातला वाळलेला राप बारीक तारेने टोकरून काढा, गंजाचे तेल सोडा आणि मोटार हळूहळू दोन्हीकडे वळवत राहा. लांब पाइप घालून पिळू नका आणि गॅसची ज्योत तर मुळीच लावू नका. मोकळी झाली की जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे स्वच्छ दिसेपर्यंत भरत राहा.

जोडताना जोडदांडीचे लॉकनट नवे घाला. एकदा काढलेल्या लॉकनटाची पकड कमी होते, आणि तो नट भर पाण्यात सुटला तर चाक हातात नुसतेच फिरत राहते. मग चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून कुठे अटकते का पाहा. पहिली चाचणी काठालगत, बोटीला दोर बांधून आणि लाइफ जॅकेट घालूनच करा. वल्हे आणि लांब बांबू बोटीत असू द्या.

ज्यांच्या गावी बोट नाही, त्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जड झाले तर आधी पुढच्या टायरची हवा पाहा. मग पुढचा आस जॅकवर उचलून, खाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन, जोडदांडी सोडून एकेक चाक हाताने वळवा. जे चाक अडेल त्याच्या किंगपिनला ग्रीस पोचत नाही असे समजा. आधी जोड सोडवून दुखणे शोधावे, मग हात घालावा, हीच रीत सगळ्या यंत्रांना लागू आहे.

ताई, एक शेवटचे. गावची बोट सगळ्यांची असते, म्हणून ती कुणाचीच नसते. ग्रामपंचायतीत दोन माणसांची नावे ठरवा. महिन्यातून एकदा त्यांनी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि वहीत तारीख लिहावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस भरावे. ठेवताना दांडी नळीच्या आत राहील अशी मोटार वळवून ठेवावी, म्हणजे ती उघडी पडून गंजणार नाही. ती वही तुम्ही स्वतः पाहत जा. दीरांच्या हातात घणाऐवजी ग्रीसगन द्या, आणि मामंजींना सांगा की मृग लागण्याआधीच बोट एकदा पाण्यात उतरवून पाहायची आहे.