खाणपट्ट्याची रेघ आणि शेताचा बांध

हातभर बांधासाठीं सख्खे भाऊ वर्षानुवर्षें दावे लढतात. परंतु त्याच शेतावरून खनिज क्षेत्राची रेघ कागदावर ओढली गेली, तर तिची वार्ता खातेदारास बहुधा सर्वांच्या शेवटीं लागते. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्यास ही गोष्ट साधी वाटत नाहीं, म्हणून शेतकरी बंधूंपुढें चार शब्द मांडीत आहें.

प्रथम कायद्याची स्थिति पाहूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ अन्वयें, सनदेंत अन्यथा स्पष्ट लिहिलेलें नसल्यास, जमिनींतील खनिजाचा हक्क सरकारचा आहे. आपला हक्क वरच्या मातीचा. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम २४-अ प्रमाणें शोधाचा परवाना किंवा खाणपट्टा मिळालेल्यास त्या जमिनींत शिरून काम करतां येतें. मात्र नुकसानीची भरपाई कब्जेदारास द्यावी लागते. तेव्हां कोणतें शेत रेघेच्या आंत व कोणतें बाहेर, हा प्रश्न नकाशा काढणाराइतकाच भरपाई मागणाराचाहि आहे.

२०१५ पासून बहुतेक मुख्य खनिजांचीं क्षेत्रें लिलावानें दिलीं जातात. क्षेत्राची हद्द टोटल स्टेशन व उपग्रहांच्या साह्यानें मोजणाऱ्या डीजीपीएस यंत्रानें आखावी, आणि आंतील जमीन वन, सरकारी व बिगरसरकारी अशी वर्गवार दाखवावी, असा त्या वर्षींच्या लिलाव नियमांचा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. परंतु तो नकाशा अक्षांश-रेखांशांनीं बोलतो, आणि शेतकरी गट नंबर, बांध व हद्दीचा दगड एवढेंच ओळखतो. या दोन भाषांमध्यें दुभाषी नसतो.

एका रेघेनें किती बिघडतें, त्याचा हिशेब करून पाहावा. आपली जुनी साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. एका इंचास २० साखळ्या या मापाच्या गांव-नकाशावर १/४० इंच जाडीची रेघ ओढली, तर ती जमिनीवर अर्धी साखळी झांकते. बांध १० साखळ्यांचा असला, तर ५ गुंठे रेघेखालीं गेले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५०,००० स १ या मापाच्या नकाशावर १ मिलिमीटरची रेघ ५० मीटर, म्हणजे सुमारें ५ साखळ्या झांकते. त्याच बांधाशीं सव्वा एकर रेघेच्या पोटांत जातें. शिवाय त्या विभागाच्या जुन्या नकाशांचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट मानाचे आणि उपग्रहावरून घेतलेले डब्ल्यूजीएस-८४ मानाचे. तेच आंकडे दोहोंत एकाच जागीं पडत नाहींत. आणि १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यान्वयें जेथें सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेथें जुन्या पट्ट्यावरील नंबर वाचून आजचें शेत ओळखतां येत नाहीं.

हें मीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. सेवेच्या अखेरच्या काळांत अशाच एका क्षेत्राच्या गटांची यादी करण्याचें काम मजकडे आलें. मीं पारदर्शक कागद गांव-नकाशावर ठेवून यादी केली. एका बांधावर रेघ नेमकी बसली, तेव्हां पलीकडचा गट मीं सोडून दिला. पुढें जमिनींत छिद्र पाडण्याचें यंत्र त्याच गटांतील उभ्या ज्वारींतून गेलें. खातेदार भरपाई मागूं लागला, तेव्हां ‘तुमचा गट यादींत नाहीं’ असें उत्तर त्यास मिळालें. मोजणी झाल्यावर छिद्र त्याच्याच शेतांत निघालें. पण तोंवर एक हंगाम त्याचे हेलपाटे झाले होते. चूक माझी होती. यादी गांवांत वाचली गेली असती, तर ती एका दिवसांत सुधारली असती.

कोणी म्हणतात, नकाशा आधीं उघड केल्यास जमिनीचे दलाल गांवांत शिरतील. पण दलालास बातमी मिळविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. चावडीवरील कागदावांचून ज्याचें अडतें तो खातेदारच होय.

म्हणून मागणी इतकीच कीं, लिलावापूर्वीं क्षेत्राची हद्द गट-नकाशावर मोठ्या मापांत उतरवावी, प्रत्येक गटाचें आंत येणारें क्षेत्र मराठींत लिहून नकाशा व यादी चावडीवर व ग्रामपंचायतींत महिनाभर लावावी, हरकती ऐकाव्या, आणि कोपऱ्यांचे दगड गांवकऱ्यांसमक्ष पंचनामा करून रोवावे.

आपलेंहि कर्तव्य आहे. वारसाची नोंद राहिलेली, हिस्से मोजलेले नाहींत, हद्दीचे दगड नांगरानें उखडलेले, अशा शेताच्या धन्यास उत्तम नकाशाहि तारणार नाहीं. मोजणी करून तिची ‘क’ प्रत सात-बाराच्या उताऱ्याबरोबर घरीं जपून ठेवावी. रेघ ओढणारा दारीं येईल त्या दिवशीं आपला कागद आपल्या हातीं असला पाहिजे.