भावी डॉक्टरांचा टीडी झाला आहे का?

घटसर्प म्हटला की एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला जंतूचे नाव, घशातला राखाडी पडदा, सुजून बैलासारखी झालेली मान हे सारे धडाधड आठवते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा धडा असतोच. पण 'तुझा टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचा, शेवटचा डोस कधी झाला?' हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तो प्रवेशाच्या वेळीच विचारला गेला पाहिजे.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, दीड वर्षाच्या सुमारास आणि पुन्हा पाचव्या वर्षी त्रिगुणी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, असे घटसर्पाविरुद्धच्या लशींचे वेळापत्रक आहे. बाळ लहान असताना आशाताई घरी येऊन आठवण करून देतात. सोळाव्या वर्षीचा डोस मात्र दहावी-अकरावीच्या आणि 'नीट'च्या शिकवणीच्या धामधुमीत येतो, आणि राहून जाणे सोपे असते.

लशीचे संरक्षण वर्षागणिक ओसरते. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९०च्या दशकात तिथे दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला. त्यात प्रौढांचे प्रमाण मोठे होते. भारतात २०१८ साली ८,७८८ रुग्णांची नोंद झाली. खोकणाऱ्या रुग्णाचा घसा सर्वांत जवळून पाहतो तो वॉर्डातला शिकाऊ डॉक्टरच.

उपचारातही वेळ फार महत्त्वाचा असतो. जंतूचे विष हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींत शिरले, की प्रतिविषाला ते निष्प्रभ करता येत नाही. स्पेनमधील ओलोत गावात २०१५ साली लस न घेतलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प झाला. देशात प्रतिविष नव्हते, ते रशियाहून आणावे लागले. मूल वाचले नाही. त्याच्या संपर्कातल्या काही मुलांच्या घशातही जंतू सापडले, पण ती लसवंत होती आणि आजारी पडली नाहीत. म्हणजेच लस घेतलेल्यांमधूनही जंतू फिरू शकतो. ज्याचा डोस राहिला, त्याला शेजाऱ्याच्या डोसचा भरवसा नाही.

यवतमाळात भरवशाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली. दोष लशीचा नव्हता, पण धसका आईबापांनी घेतला. 'लशीनं काही होत तं नाही ना?' असे एखाद्या तांड्यावरच्या किंवा पोडावरच्या आईने विचारले, तर तिला रागावून चालणार नाही. तिच्यासमोर कुपी दाखवावी, नाव वाचून सांगावे, ताप का येतो ते समजवावे. हे शिकवणे औषधशास्त्राइतकेच गरजेचे आहे.

त्यासाठी नवी योजना नको. आताच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थी खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेतो. त्या भेटींत पाच, दहा आणि सोळा वर्षांच्या डोसची नोंद तपासावी आणि राहिलेली नावे उपकेंद्राच्या परिचारिकेकडे द्यावीत. तत्पूर्वी महाविद्यालयाने प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचे लसीकरण कार्ड पाहावे, आणि टीडी राहिला असेल तर वॉर्डात पाठवण्याआधी द्यावा.