राष्ट्रध्वज कोणाच्या खांद्यावर?

युद्ध संपल्याचा दिवस अनेक राष्ट्रे साजरा करतात. ग्रीसमध्ये मात्र युद्ध सुरू झाल्याचा दिवस हा राष्ट्रीय सण आहे. २८ ऑक्टोबर १९४० रोजी पहाटे तीनच्या सुमारास इटलीचे राजदूत ग्रात्सी हे पंतप्रधान मेटाक्सास यांच्या अथेन्सजवळील घरी पोहोचले आणि त्यांनी मुसोलिनीचे निर्वाणीचे पत्र त्यांच्या हाती ठेवले. देशातील मोक्याची ठिकाणे इटालियन सैन्याच्या हवाली करावीत, अशी त्यात मागणी होती आणि उत्तरासाठी मुदत होती अवघ्या तीन तासांची. मेटाक्सास यांनी तेथल्या तेथे नकार दिला. ग्रीक भाषेत नकाराला ‘ओही’ म्हणतात. म्हणून हा ‘ओही दिन’.

नकार देणारे मेटाक्सास हे लोकनियुक्त नेते नव्हते. १९३६ पासून त्यांची हुकूमशाही चालू होती. तरीही हा दिवस हुकूमशहाचा न राहता लोकांचा झाला, कारण त्या नकाराची किंमत लोकांनी मोजली. पिंडस पर्वताच्या बर्फाळ वाटांवरून एपिरस प्रांतातील स्त्रियांनी पाठीवर दारूगोळा वाहून नेला. ग्रीक सैन्याने आक्रमकांना मागे रेटत अल्बानियात ढकलले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी चालून आल्यावर देश पडला आणि पुढच्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसे भुकेने मेली. परंतु ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या विशीही न गाठलेल्या दोन तरुणांनी अ‍ॅक्रोपोलिसवर चढून नाझी ध्वज उतरविला. ध्वज म्हणजे काय, हे ग्रीकांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

म्हणूनच या सणाचा खरा प्राण गावोगावच्या शालेय संचलनात आहे. थेसालोनिकी येथे राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत भव्य लष्करी संचलन होते. पण गावात सकाळी चर्चमध्ये प्रार्थना होते, हुतात्मा स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते आणि मग मुलांची रांग निघते. रस्त्याच्या दुतर्फा आई-वडील, आजी-आजोबा उभे असतात. सर्वांत पुढे राष्ट्रध्वज असतो आणि तो वाहण्याचा मान परंपरेने शाळेतील सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा.

२००० साली थेसालोनिकीजवळच्या एका गावात हा मान एका अल्बानियन स्थलांतरिताच्या मुलाकडे आला. अल्बानियातील साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर लाखो लोक ग्रीसमध्ये आले होते. त्यांपैकीच हे एक कुटुंब. गावातील पालकांनी विरोधाचे रान उठविले. नियम मुलाच्या बाजूने होता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष स्टेफानोपुलोस यांनीही त्याच्या अधिकाराची पाठराखण केली. अखेर त्या मुलानेच तो मान सोडला. २००३ साली तो पुन्हा पहिला आला, पुन्हा विरोध झाला आणि पुन्हा तोच मागे सरला.

विरोध करणाऱ्यांना केवळ दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचे राष्ट्र, शतकानुशतकांच्या परदास्याच्या आठवणी आणि अल्पकाळात आलेला परक्यांचा लोंढा. अशा वेळी समाज आपल्या प्रतीकांना घट्ट धरतो, हे स्वाभाविकच आहे. ध्वज पवित्र आहे, असे मानण्यात या पालकांचे काहीच चुकले नाही. चुकले ते ध्वजाचा वारस ओळखण्यात.

त्यांचाच इतिहास त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात सागरी लढ्याचा भार ज्या हायड्रा आणि स्पेट्सेस बेटांनी उचलला, तेथील दर्यावर्दी घराण्यांत अल्बानियन बोली बोलली जाई. त्यांना आज कोणी परके म्हणत नाही. ‘हेलेन’ हे नाव रक्तापेक्षा संस्कारात सहभागी होणाऱ्याला शोभते, अशा आशयाचे विचार आयसोक्रेटिसने सुमारे चोवीस शतकांपूर्वीच मांडले होते. शिवाय लाखो ग्रीक स्वतः पोटासाठी परदेशी गेले. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ते आपला स्वातंत्र्यदिन वाजतगाजत साजरा करतात आणि तेथील समाज त्याचे कौतुक करतो. जो आदर परक्या भूमीत आपल्याला हवा, तो आपल्या अंगणात आलेल्याला नाकारता येत नाही.

या पेचातून सुटण्यासाठी २०१७ साली प्राथमिक शाळांत ध्वजवाहक चिठ्ठी टाकून निवडण्याचा निर्णय झाला. २०१९ मध्ये तो फिरविण्यात आला. फिरविला हे योग्यच झाले. ध्वजाचा मान ही सोडत नव्हे. तो कष्टाने मिळवायचा असतो, आणि ज्याने मिळविला त्याचे आडनाव विचारायचे नसते.

ज्या मुलाने ग्रीक भाषा आत्मसात केली, ग्रीक इतिहास वर्गात सर्वांहून चांगला जाणला आणि तो ध्वज उचलण्याची आस धरली, त्याच्यामुळे ध्वज बाटत नाही. त्याची कक्षा रुंदावते. ज्या राष्ट्राचा आपल्या संस्कृतीवर विश्वास असतो, ते परक्याला आपलेसे करते. ज्याचा विश्वास डळमळतो, ते त्याला दाराशीच रोखते. १९४० साली आक्रमकाला ‘ओही’ म्हणणे हा ग्रीसचा पराक्रम होता. गुणवंत मुलाला तोच शब्द ऐकविणे हा त्या पराक्रमाचा विसर होय.