पाणी एकराला की माणसाला?

बुर्किना फासो म्हटलं की मोबाइलवर एकच फोटो दिसतो: भेगाळलेली जमीन आणि डोक्यावर भांडं घेतलेली बाई. एप्रिल-मेमध्ये तसाच फोटो माण, आटपाडी, जतचा फिरतो. आपण हळहळतो, फॉरवर्ड करतो. फोटो खोटा नसतो, त्यातून काढलेला अर्थ खोटा असतो: या गावांत पाऊस नाही, आणि अक्कलही बाहेरूनच न्यावी लागते.

पश्चिम आफ्रिकेतल्या या समुद्र नसलेल्या देशात याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. आपल्याकडे 1972 चा दुष्काळ पडला, त्या सुमारास तिकडेही वर्षानुवर्षं दुष्काळ होता. याकुबाने जुनी 'झाई' पद्धत सुधारली. कोरड्या दिवसांत कडक जमिनीत खड्डे खणायचे, त्यात शेणखत टाकायचं, पावसाचं पाणी तिथेच जिरवायचं. माळावर धान्य आलं, पुढे रान उभं राहिलं. 2018 मध्ये त्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात तो राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. पण जवळचं शहर वाढलं आणि त्याच रानातली जमीन शहराच्या आराखड्यात गेली. तंत्र जिंकलं, हक्क हरला.

आता सांगली जिल्ह्यातलं बलवडी बघा. 1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार खानापूर तालुक्यात परतले. गावात दुष्काळ, आणि येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी हिशेब मांडला: नदी आमची, थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी भांडून बलवडी-तांदुळवाडीचा बळीराजा बंधारा उभा राहिला. त्यातली खरी क्रांती सिमेंटमध्ये नव्हती, वाटपाच्या नियमात होती: प्रत्येकाला पाण्याचा समान हिस्सा, भूमिहीनालासुद्धा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही.

"जमीनच नाही, तर पाणी घेऊन करणार काय?" हा प्रश्न नेहमी जमीनवालाच विचारतो. उत्तर साधं आहे. कोरडवाहू माळाच्या मालकाकडे जमीन आहे, पाणी नाही. हिश्शाचं पाणी असलेला माणूस त्याच्याशी बरोबरीने वाट्याचा करार करू शकतो. पाणी नसेल तर त्याला कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागतं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. सर्व्हर हळू झाला की आम्ही आधी बघतो, कुठली प्रोसेस किती मेमरी खातेय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना सार्वजनिक पैशातून कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात नेतात. तिथे मात्र "आलं का?" एवढंच विचारलं जातं, "कोणाला किती?" हे नाही. ऊसवाला म्हणेल, उसालाच दराची हमी आहे. खरंय. मग हमी ज्वारी-बाजरीलाही मागा. एका पिकाच्या सोयीसाठी अख्ख्या गावाचा हिस्सा मुरवू नका.

2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्था आल्या, पण त्यांचा सभासद जमीनधारकच. म्हणजे भूमिहीन कुटुंब मोजणीतच नाही. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, त्यांची समान वाटपाची मागणी म्हणूनच आजही जिवंत आहे.

तेव्हा मे महिन्यात तो फोटो आला की फॉरवर्ड करण्याआधी गावच्या ग्रुपवर एक प्रश्न टाका: आपल्या गावात पाणी एकराला मिळतं की माणसाला? ग्रुपवर शांतता पसरली, तर ग्रामसभेत उभं राहून विचारा.