हिमनदीतला दुष्काळ आणि पेण-रोह्याच्या खारातला गाळ

१/
इ.स. १७९१ चा मे महिना. श्रीरंगपट्टणाचा वेढा अर्ध्यावर टाकून लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज माघारी फिरली होती. ओढकामाचे बैल मेले होते, वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी कराव्या लागल्या होत्या आणि शिपाई अर्धपोटी होते. अशा वेळी हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी छावणीच्या बाजारातल्या धान्यावर कंपनीचे सैन्य तगले. भाव अर्थातच चढे होते!

२/
हा प्रसंग इतिहासग्रंथांत येतो तो रसदीच्या गैरव्यवस्थेचा म्हणून. त्याच सुमारास आंध्र किनाऱ्यावर सामलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनीचा वैद्य १७८९ पासून पाऊस तुटत चालल्याची नोंद करीत होता. १७९१-९२ मध्ये दख्खन, हैदराबाद, दक्षिण मराठा मुलूख आणि गुजरात होरपळून निघाले. मृतांचे दहन-दफन करण्यासही माणसे उरली नाहीत, म्हणून त्या वर्षांना कवट्यांचा दुष्काळ असे नाव पडले.

३/
या दुष्काळाचा एक साक्षीदार दफ्तरखान्यात नाही. तो शिशापांगमा शिखराजवळच्या दासुओपू हिमनदीत, ७,२०० मीटर उंचीवर आहे. १९९७ मध्ये लॉनी थॉम्पसन यांच्या चमूने तेथे बर्फात छिद्रे पाडून लांबच लांब गाभे बाहेर काढले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गेल्या हजार वर्षांत त्या भागात दुष्काळ अनेक पडले, पण १७९० ते १७९६ च्या दुष्काळाहून तीव्र एकही नाही.

४/
बर्फाला हे कसे कळते? हिमनदीच्या माथ्यावर दरवर्षीचा हिमवर्षाव थरावर थर रचतो आणि वरच्या भाराने त्याचे बर्फ होते. मान्सून जोमदार असला की थर स्वच्छ राहतो. तो दुबळा पडला की कोरड्या मुलखातली धूळ आणि क्षार वाऱ्यासोबत वर चढतात व त्या वर्षाच्या थरात बसतात. ज्वालामुखी फुटला तर गंधकाम्लाचा अंश उतरतो. १८१५ च्या तंबोरा उद्रेकाची अशी खूण जगभरच्या बर्फात सापडते आणि कालगणना पडताळण्यास ती उपयोगी पडते. पेशवे दफ्तरातल्या कागदावर तिथी नसेल, तर अभ्यासक दुसऱ्या पत्रातल्या ग्रहणाच्या उल्लेखावरून काळ ठरवतो. हा त्याच जातीचा उद्योग आहे.

५/
गाभा कोठे काढावा, हे रडार सांगते. रेडिओलहरी थंड बर्फातून एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर जातात आणि तळाच्या खडकावर आपटून परततात. प्रतिध्वनी दोन मायक्रोसेकंदांनी आला, तर बर्फाची जाडी १६८ मीटर. मधले थर चुरगळलेले आहेत की सरळ, तेही त्यात दिसते. थर उलटेपालटे झालेल्या जागी छिद्र पाडणे म्हणजे पाने विसकटलेल्या बखरीवरून वंशावळ लावणे.

६/
मराठी वाचकाला हे सारे परदेशी वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्को येथे आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे तेथील गोठवण खोल्यांत तपासले जातात. याच संस्थेचे ‘हिमांश’ हे स्थानक २०१६ पासून स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर उभे आहे. उपग्रहचित्रांवरून हिमनद्यांचे मोजमाप करणारे अनिल कुलकर्णी आणि सहकारी यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की चिनाब, पार्वती व बास्पा खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे क्षेत्र १९६२ पासून २१ टक्क्यांनी घटले आहे.

७/
म्हणजे दफ्तरच वितळते आहे. तिबेटातील नैमोनान्यी हिमनदीतून २००६ मध्ये काढलेल्या गाभ्यात १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांची किरणोत्सारी खूणच सापडली नाही. ती धारण करणारे वरचे थर नाहीसे झाले होते. वाळवी लागलेला कागद निदान भोकांसकट हाती येतो. येथे वरची पानेच गेली.

८/
येथे एक मोह टाळला पाहिजे. हवामानाचा हा पुरावा हाती आला की काहींना प्रत्येक पराभव पावसाच्या माथी मारावासा वाटतो. ते चूक आहे. बर्फ फार तर पाऊस दुबळा होता एवढे सांगतो. भूक कोणाच्या वाट्याला आली हे सांगत नाही. १८०२ ते १८०४ च्या दुष्काळात पाऊस अपुरा होता हे खरे, पण होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला होता हेही तितकेच खरे. हडपसरच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव महाडकडे पळाला तो मान्सूनमुळे नव्हे.

९/
शिवाय दासुओपू आणि कोकण यांत १,६०० किलोमीटरहून अधिक अंतर आहे. तेथला हिमवर्षाव मुख्यतः बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या मान्सूनवर पोसला जातो, कोकणातला पाऊस अरबी समुद्राकडून येतो. त्यामुळे हिमालयातल्या गाभ्यावरून पेणच्या १७९१ च्या भातपिकाविषयी विधान करणे धाडसाचे होईल. पेण आणि रोह्याला स्वतःचा पुरावा हवा. तो आहेही. पायाखालीच आहे.

१०/
पेण म्हटले की गणपतीची शाडू माती आठवते, खारातली काळी माती कोणाला आठवत नाही. पण या तालुक्याचा अर्धा इतिहास तिच्यात आहे. धरमतरच्या खाडीकाठी दलदलीभोवती बांध घालून, उघाड्या बसवून, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन शेतकऱ्यांनी भातशेती उभी केली. कॅम्पबेलच्या १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. समुद्राकडचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची आणि त्यासाठी कुळांकडून भाताचा ठरावीक वाटा. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरे आणि जमीन पुढची काही वर्षे नापीक होई. आजही होते. १९४८ आणि १९७९ चे खारभूमी कायदे झाले, जबाबदारी शिलोत्रीदाराकडून सरकारकडे आली, खांडी मात्र पडतच राहिल्या.

११/
या बांधांपैकी नेमका कोणता केव्हा घातला गेला, याची नोंद कागदात क्वचितच असते. गाळात ती असू शकते. भरतीचे पाणी येत होते तोवर सूक्ष्म सागरी जिवांची कवचे, फोरॅमिनिफेरा, थराथरांत साठत गेली. बांध बंद झाला की ती थांबतात आणि भाताचे पराग वाढतात. पुन्हा कवचांची पट्टी दिसली, तर खांड पडली होती असे समजावे. बांधाच्या आत आणि बाहेर एकेक गाभा काढून ताडून पाहिले, तर शिलोत्रीच्या वादाचे उत्तर मातीकडून मिळण्याची शक्यता आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या थरांचे वय किरणोत्सारी शिशावरून दशकाच्या हिशेबात काढता येते. त्याखालच्यांसाठी कार्बन आहे.

१२/
रडार मात्र येथे निरुपयोगी ठरते. खाऱ्या, ओल्या चिकणमातीत रेडिओलहरी थोड्याच अंतरात शोषल्या जातात. जे यंत्र बर्फात शेकडो मीटर खोल पाहते, ते पेणच्या खाजणात हातभरही नीट पाहू शकत नाही. हाताने नळी रोवून गाभा ओढणे हाच मार्ग. सुदैवाने त्याला ७,००० मीटर चढावे लागत नाही.

१३/
रोह्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कुंडलिकेत येऊ लागले. सेनापती बापटांचा सत्याग्रह ज्या धरणाविरुद्ध झाला, त्याच धरणाचे हे पाणी. उन्हाळ्यातही वाहणाऱ्या नदीचे कौतुक आज पर्यटक करतात. पण अभ्यासकाने हे ध्यानात न ठेवता रोह्याच्या खाडीचा गाळ वाचला, तर १९२७ नंतर गोडे पाणी वाढले म्हणजे पाऊस वाढला, असा भलताच निष्कर्ष निघेल. मुळशीचा कागद वाचल्यावाचून कुंडलिकेचा गाळ वाचता येत नाही.

१४/
रोहा तालुक्यातच नागोठणे आहे. अंबा नदीवरचा तेथला जुना दगडी पूल सोळाव्या शतकातला. ही तीच अंबा, जिच्या वरच्या खोऱ्यात १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवरायांनी कारतलबखानाची कोंडी केली. जुलै १९८९ मध्ये या नदीच्या महापुराने नागोठण्यात हाहाकार उडवला. असा पूर जाडसर वाळूची पट्टी मागे ठेवतो. त्या पट्टीखाली तशाच आणखी किती आहेत आणि पूल बांधला गेल्यापासून तेवढा पूर पूर्वी कधी आला होता काय, हा प्रश्न हवामानशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.

१५/
गडावरची एक शिळा हलली, तर तरुण इतिहासप्रेमी रास्तपणे संतापतात. अवचितगडाच्या, सांकशीच्या तटबंदीसाठी श्रमदान होते. खाजणात मात्र भरावाचे डंपर रिकामे होतात आणि त्याविषयी इतिहासाच्या बाजूने कोणी बोलत नाही, कारण खाजण ही पडीक जागा मानली जाते. भराव पडण्यापूर्वी एक गाभा काढून ठेवावा, इतकी मागणी इतिहासमंडळांनी करणे अवघड नाही. आठ-दहा सेंटिमीटर व्यासाची नळी, दोन-तीन माणसे, ओहोटीची वेळ आणि गाभा थंड जागेत ठेवू शकेल अशी एखादी महाविद्यालयीन प्रयोगशाळा एवढ्यावर काम भागते. सुरुवात पेणच्या एखाद्या अशा बांधापासून व्हावी, ज्याची खांड गावातल्या म्हाताऱ्यांना अजून सालासकट आठवते.