परवाना सर्वांना

स्टॅनफर्ड विद्यापीठाचं तंत्रज्ञान परवाना कार्यालय उभं करणारे नील्स रायमर्स संशोधक नव्हते. करारमदारांचं काम पाहायचे. १९७४ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या जनुक-जोडणीची बातमी वाचली आणि थेट कोहेनना गाठलं. कोहेन पेटंटला राजी नव्हते. रायमर्सनी त्यांचं मन वळवलं; पेटंट १९८० मध्ये मिळालं. एकाच कंपनीला मक्ता देता आला असता. त्याऐवजी वर्षाला १०,००० डॉलर भरणाऱ्या कोणत्याही कंपनीला परवाना खुला राहिला, विद्यापीठांतल्या संशोधकांना तर शुल्कच नव्हतं. माझ्या मते रायमर्स यांचं खरं मोठेपण इथे आहे. ४००हून अधिक कंपन्यांनी परवाना घेतला. या कार्यालयाची धुरा १९९१ पासून पाव शतकाहून अधिक काळ कॅथरीन कू यांनी वाहिली. त्यांच्या कारकिर्दीवरचा या अंकातला लेख आपल्या कुलगुरूंनी आवर्जून वाचावा.